नाव वाळूवेडा, ओढ खडकांची

वाळवंटी चंडोलाचं शास्त्रीय नाव अमोमॅनीस डेझर्टी. अमोमॅनीस हा शब्द ग्रीकवरून घडवलेला, अर्थ ‘वाळूवेडा’. पण नावावर भरवसा ठेवून याला वाळूच्या टेकड्यांवर शोधायला गेलात, तर बहुधा हात हलवत परत याल. मोरोक्कोपासून पश्चिम भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात हा राहतो खरा, पण तिथले खडकाळ उतार, दगडगोट्यांच्या टेकड्या आणि सुके ओढे यांना धरून.

पक्षी जेमतेम १५-१६ सेंटिमीटरचा, चिमणीपेक्षा किंचित मोठा. चंडोलांच्या अंगावर सहसा दिसणाऱ्या ठळक रेघा याच्या पाठीवर जवळजवळ नसतात. मग ओळखायचा कसा? रंगावरून, असं म्हणाल तर फसाल, कारण याचा रंग मुलखागणिक बदलतो. फिकट जमिनीवरचे पक्षी फिकट, मातकट. जॉर्डनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावरची ‘अ‍ॅनी’ ही उपप्रजाती मात्र काळपट करडी. दोन्ही पक्षी शेजारी ठेवले तर एकाच जातीचे वाटणार नाहीत! दमट हवेत प्राण्यांचे रंग गडद होतात, असा एक जुना नियम आहे. तो इथे लागू पडत नाही, कारण काळा बेसॉल्टही शेजारच्या फिकट जमिनीइतकाच कोरडा. उरतो तो शिकारी पक्ष्यांचा डोळा. जमिनीत न मिसळणारा चंडोल आधी टिपला जातो, मिसळणारा पिल्लं वाढवतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की पक्षी जमिनीचा रंग घेतो. याच्या वीसहून अधिक उपप्रजाती मानतात, त्या बऱ्याचशा रंगातल्या अशा फरकांवरून.

म्हणून आधी चोच आणि शेपटी पाहावी. याचा जवळचा नातेवाईक, पट्टेरी शेपटीचा चंडोल, सपाट माळावरचा. त्याची चोच आखूड, आणि तांबूस शेपटीच्या टोकाला काळी पट्टी, जणू पट्टी ठेवून आखलेली. वाळवंटी चंडोलाची चोच लांब, दणकट, बुडाशी पिवळसर. शेपटीतला गडद रंग मुळाकडच्या तांबूस रंगात हळूहळू विरतो, सीमारेषा अशी दिसतच नाही. पक्षी उडताना शेपटी पसरतो, तेवढ्या क्षणात हे पाहून घ्यायचं.

घरटं जमिनीवरच, दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला. पुष्कळदा त्याच्या उघड्या बाजूला बारीक खड्यांचा कठडा रचलेला असतो. वाळूवेड्याने इथेही दगडच निवडलेले.