विश्वामित्रीला काठ लागतो

ऑगस्ट लागला की वडोदऱ्यात घरोघर दोन आकड्यांची चौकशी सुरू होते: आजवा तलावाची पातळी किती झाली, आणि काळा घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे. २५-२६ फूट ही धोक्याची पातळी. २०२४ च्या ऑगस्टअखेर पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा भागांतल्या तळमजल्यांत शिरलं. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता. वर्षाची सरासरी ९०० च्या आसपास असलेल्या शहरात निम्म्याहून जास्त पावसाळा एका दिवसात उरकला.

इतका पाऊस झाला तर पाणी चढणारच. मात्र ते किती चढेल आणि किती दिवस ठाण मांडून बसेल, हे नदीच्या पात्राइतकंच पात्राबाहेरच्या जागांवर ठरतं. कोतरं (नदीला मिळणाऱ्या घळी), कांस (पावसाळी नाले), तळी, बागा आणि मातीचा उतरता काठ या त्या जागा. शहराच्या नकाशावर त्या बहुतेक वेळा ‘मोकळी जमीन’ म्हणून दिसतात. आमच्या मते शहराच्या पूरव्यवस्थेचा तो सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे.

आधी नदीचा स्वभाव बघू. पावागडच्या डोंगरात उगम पावलेली विश्वामित्री पश्चिमेकडे येते. आजवा आणि प्रतापपुरा या जलाशयांतून सोडलेलं पाणीही शेवटी तिच्यातच येतं. शहर ओलांडल्यावर पुढे ती ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. पावागड सुमारे ८०० मीटर उंच, आणि वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ ते ४० मीटरवर. डोंगरावरून पाणी धावत येतं, सपाटीवर आल्यावर त्याचा वेग मोडतो आणि नदी नागमोडी होते. पुढे ढाढरही तुडुंब असेल तर विश्वामित्रीचं पाणी खाली उतरायला तयार नसतं, ते मागे फुगतं. अशा वेळी शहरातलं पात्र कितीही खोल केलं तरी उपयोगाला मर्यादा येते, कारण अडथळा खालच्या अंगाला असतो. वळणं कापून पात्र सरळ केलं तर पाणी शहरातून लवकर निघतं, पण त्याच जोराने ते खालच्या गावांच्या काठांवर आदळतं.

म्हणून बाजूच्या जागा मोलाच्या. कोतर म्हणजे पावसाने मातीत कोरलेली, नदीला मिळणारी घळ. २०० मीटर लांब, सरासरी २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं एक मध्यम कोतर धरा. त्यात १२,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर पाणी मावतं. नदी चढताना पाणी कोतरात शिरतं आणि नदी उतरू लागली की हळूहळू परत येतं. पुराचा माथा तेवढा बसका होतो. हेच कोतर राडारोड्याने भरून वर प्लॉट पाडले, तर तेवढं पाणी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये जाणार, आणि बहुधा ते पार्किंग त्याच प्लॉटवरचं असतं. भराव टाकलेली जागा ओळखायला सोपी आहे. विटांचे तुकडे, फरशा आणि प्लास्टिक मिसळलेली भुसभुशीत माती, शेजारच्या जमिनीपेक्षा एकदम उंच कड, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत खचणारं कंपाउंड. घर घेण्याआधी जुना नकाशा आणि उपग्रहाची जुनी चित्रं शेजारी ठेवून बघावीत. भराव पडण्याआधीची घळ त्यात साफ दिसते.

सयाजीबाग हे याच्या उलट उदाहरण. १८७९ साली नदीकाठी उभी राहिलेली ही बाग सुमारे ११३ एकरांची, म्हणजे ४५ हेक्टरच्या आसपास. तिच्या सगळ्या भागावर सरासरी एक मीटर पाणी चढलं असं धरलं तर हिशेब साडेचार लाख घनमीटरचा, म्हणजे ४५ कोटी लिटरचा होतो. पूर ओसरल्यावर गाळ काढावा लागतो, झाडं सावरावी लागतात, प्राणिसंग्रहालयाचा व्याप वेगळाच. तरी आठवड्याभरात माणसं पुन्हा फिरायला येतात. पाण्याखाली जाऊन परत उभी राहणारी जमीन नदीशेजारी ठेवणं हा जुना शहाणपणा आहे, आणि आज नव्या वसाहती आखतानाही तो जसाच्या तसा वापरता येतो: नदीकडच्या अंगाला खेळाचं मैदान आणि बाग, घरं त्याच्या मागे.

आता कांस. भुखी, रूपारेल, मासिया ही नावं वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जातात. शहराचं पावसाळी पाणी नदीपर्यंत नेणारे हे नाले. त्यांचं पहिलं दुखणं म्हणजे बंदिस्त करणं. उघडा नाला तुंबला की दिसतो, स्लॅबखाली गेलेला तुंबला की रस्त्यावर पाणी आल्यावरच कळतं. दुसरं दुखणं मोरीच्या तोंडाशी. तिथला गोल पाइप निम्म्या उंचीपर्यंत गाळाने भरला तर त्याची वाहून नेण्याची ताकद निम्म्याहूनही कमी होते, कारण उरलेलं पाणी खडबडीत गाळावर घासत जातं. तिसरं दुखणं सर्वात घातक: नदीची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं फिरतं आणि नदी नाल्यातून सोसायटीत येते. त्यासाठी तोंडावर एकेरी झडप लागते. बाहेरचं पाणी वाढलं की ती आपोआप दाबली जाऊन बंद होते. पण तिच्या फटीत एक चप्पल किंवा फांदी अडकली तरी ती बंद होत नाही. मे महिन्याच्या शेवटी झडप हाताने उचलून, सोडून, पूर्ण बसते का हे बघायला दहा मिनिटं लागतात. आणखी एक: झडप बंद असताना आतलं पावसाचं पाणीही अडतं, म्हणून तिच्या आतल्या बाजूला पाणी साठायला खड्डा आणि ते उपसायला पंप हवा. नुसती झडप बसवून समाधान मानलं तर सोसायटी आतल्याच पाण्याने भरते.

काठाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण चुकीची कामं तिथेच जास्त होतात. काठ भर पुरात ढासळतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो पूर उतरताना ढासळतो. तीन-चार दिवस पाण्यात बुडालेली गाळमाती आतपर्यंत भिजून जड होते. नदी भरलेली असते तोवर बाहेरचं पाणी त्या मातीला टेकू देतं. नदी झपाट्याने उतरली की टेकू जातो, आतलं पाणी मात्र मातीतच कोंडलेलं असतं आणि बाहेर ढकलत असतं. अशा वेळी उभ्या काठाला वर, कडेपासून एक-दोन मीटर आत, नदीला समांतर भेग पडते. ती भेग दिसली की तिच्या नदीकडच्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नये. तो सगळा ठोकळा एकदम खाली बसतो.

काँक्रीटची भिंत बांधून हा प्रश्न सुटतो असं नाही. भिंतीमागे हेच पाणी कोंडतं. त्याला निघायला भोकं आणि भोकांमागे खडी-वाळूची गाळणी नसेल, तर भिंत पोटातून फुगते. शिवाय वाहतं पाणी भिंतीच्या पायथ्याची माती कोरत राहतं आणि पाया उघडा पडतो. पुलाचे खांब, दाट वस्तीचा तोकडा काठ अशा ठिकाणी भिंतीला पर्याय नसतो. बाकी ठिकाणी दर एक मीटर उंचीला निदान दोन मीटर पसरलेला मातीचा उतार आणि त्यावर योग्य झाडोरा हे जास्त टिकतं.

झाडोरा तीन पट्ट्यांत लावतात. अगदी पाण्यालगत पाणकणीस आणि लव्हाळा. ते लाटांचा मार खातात आणि गाळ धरून ठेवतात. मधल्या उतारावर वाळा. त्याची दोन-तीन फुटव्यांची जुडी वरून १५ ते २० सेंटिमीटरवर छाटून, एका ओळीत १० ते १५ सेंटिमीटर अंतराने, उताराला आडवी लावायची, आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा सुमारे एक मीटर उंचीवर घ्यायची. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि मातीला खिळे मारल्यासारखी शिवतात. जुड्यांमध्ये अंतर जास्त पडलं तर पाणी नेमकं त्या फटीतून वाट काढतं आणि ओहळ पाडतं, त्यामुळे मेलेल्या जुड्या महिन्याभरात बदलायच्या. सर्वात वर, कडेपासून चार-पाच मीटर आत, करंज, अर्जुन सादडा, जांभूळ, उंबर. मोठं झाड अगदी कडेला लावू नये. वाऱ्याने कोसळलं तर मुळांसकट काठाचा लचका घेऊन जातं.

वेडी बाभूळ काढायची की ठेवायची, हा नेहमीचा वाद. ती दुसरं काही उगवू देत नाही आणि नुसती तोडली तर बुडातून चौपट फुटते. काढायचीच तर जमिनीखाली एक फूटभर खोदून बुंधा निघाला पाहिजे. पण उभ्या काठावरची सगळी बाभूळ एका उन्हाळ्यात उपटली तर त्या पावसाळ्यात काठ उघडाच राहतो. एक पट्टा काढावा, तिथे वाळा आणि देशी झुडपं रुजू द्यावीत, दुसरा पट्टा पुढच्या वर्षी. हे सावकाश काम आहे आणि ठेकेदाराच्या बिलात नीट बसत नाही, पण घाईने केलेली सफाई पहिल्याच पुरात वाहून जाते.

या काठाची दुसरी मालकी मगरींची आहे. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या गणनेत शहरातल्या नदीपट्ट्यात चारशेच्या वर मगरी नोंदल्या गेल्या. एवढ्या दाट वस्तीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असणं फार दुर्मीळ आहे. गणना थंडीत करण्याचं कारण असं की तेव्हा मगरी अंग शेकायला काठावर येतात आणि पाणीही उतरलेलं असतं. रात्री विजेरीचा झोत टाकला की डोळ्यांतला परावर्तक थर चमकतो. दोन डोळ्यांच्या ठिपक्यांमधलं अंतर बघून सरावलेली माणसं आकाराचाही अंदाज बांधतात.

मगरीला मातीचा काठ दोन कामांसाठी लागतो. एक म्हणजे बीळ. काठात कित्येक मीटर आत जाणारं हे बीळ तिला उन्हाळ्यात आणि कडक थंडीत आसरा देतं. दुसरं घरटं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी पाण्याच्या पातळीच्या वर, मऊ जागी मागच्या पायांनी खड्डा उकरते, त्यात साधारण २५ ते ३० अंडी घालते आणि माती लोटून बुजवते. वरून बघणाऱ्याला थोडी विस्कटलेली माती आणि शेपटीचा घासलेला पट्टा एवढंच दिसतं. पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं: ३१ अंश सेल्सियसपर्यंत माद्या, ३२.५ च्या आसपास नर. म्हणजे घरट्यावरची झुडपांची सावली काढली, तर पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाणही बदलू शकतं. पावसाच्या तोंडाशी पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. तो ऐकून मादी घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. त्या दिवसांत काठाजवळ गेलेल्या माणसावर ती धावून येते.

यातून कामाचं वेळापत्रक निघतं. काठावरचं खोदकाम फेब्रुवारी ते जून टाळावं. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्यातल्या त्यात बरा काळ: पाणी उतरलेलं, घरटी अजून नाहीत. बिळं मात्र तेव्हाही भरलेली असतात. म्हणून यंत्र उतरवण्याआधी वनखात्याच्या माणसांसोबत प्रत्येक बिळाच्या तोंडाशी संध्याकाळी चाळलेल्या मातीचा पातळ थर पसरावा आणि सकाळी ठसे बघावेत. ताजे ठसे असतील तर तो तुकडा सोडून पुढे जावं. एक दिवस ठसे नाहीत म्हणजे बीळ रिकामं असं समजू नये. गारठ्यात मगर दोन-दोन दिवस बाहेर येत नाही.

पुरात मगरी रस्त्यावर येतात त्याचं कारणही काठच. पाण्याचा जोर वाढला की त्या प्रवाहाबाहेर, कमी ओढीच्या कडेला सरकतात. पूर्वी ती कड कोतरात असायची, आता ती सोसायटीच्या जिन्याखाली असते. अंगणात मगर दिसली तर मुलं आणि कुत्री आत घ्यावीत, निदान ३० फूट लांब राहावं, आणि ज्या बाजूला पाणी आहे ती बाजू मोकळी सोडावी. घोळका करून चारी बाजूंनी घेरलं की मगर एखाद्या गाडीखाली किंवा बाथरूममध्ये घुसते आणि मग तिला काढणं अवघड होतं. तिच्यावर पाणी मारू नये, काठीने डिवचू नये, फोटोसाठी दिवे लावू नयेत. शेपटीचा फटका हाड मोडण्याइतका असतो, म्हणून मागून जाणंही सुरक्षित नाही. वनखात्याला कळवताना लांबीचा अंदाज, नेमकी जागा आणि जवळ किती पाणी आहे हे सांगावं. त्यावरून किती माणसं आणि किती मोठा पिंजरा आणायचा ते ठरतं. सोडवणारे आधी ओलं पोतं डोळ्यांवर टाकतात, अंधार झाला की ती शांत होते. मग जबडा दोरीने बांधतात. मिटण्याची ताकद प्रचंड असली तरी जबडा उघडणारे स्नायू कमजोर असल्याने साधी दोरीही पुरते. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतः पकडायला जाणं जितकं धोक्याचं, तितकंच बेकायदा.

पाणी उतरल्यावर अंगणं आणि तळघरं उघडताना आधी जिन्याखालच्या, टाकीमागच्या काळोख्या जागा लांबून विजेरीने बघाव्यात, आणि गाळ उपसायला हात त्यानंतरच घालावा. लहान, दीड-दोन फुटी पिल्लं पाइपाच्या तुकड्यात किंवा कुंडीमागेही दबून बसलेली सापडतात.