पर्यावरण लोकसुनावणी: बोलू कोण शकतं, कागद काय लागतात आणि गावाच्या मदतीला जाणाऱ्याने काय करायचं

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींच्या गर्दीत कधीतरी एक चौकट दिसते: ‘पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी’, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सभा. खाली प्रकल्पाचं नाव, गाव, तालुका, तारीख, वेळ आणि बहुधा एखाद्या मंगल कार्यालयाचा पत्ता. ही चौकट छापून आल्यापासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस मिळायला हवेत, असा नियम आहे. आपल्याकडे सगळी धावपळ सुनावणीच्या आदल्या रात्री सुरू होते. निम्मा घोटाळा तिथेच होतो.

हा लेख दोघांसाठी आहे. ज्यांच्या गावात प्रकल्प येतोय त्यांच्यासाठी, आणि कॉलेजात शिकणारे, निवृत्त शिक्षक, वकील, मुंबई-पुण्यात नोकरी करणारे गावचे चाकरमानी असे जे कोणी स्वयंसेवक म्हणून मदतीला जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी. लोकसहभाग हा आता जगभर एक व्यवसायच झाला आहे. आयएपीटू नावाची त्यातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने सहभागाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: माहिती देणं, मत विचारणं, सामील करून घेणं, बरोबरीने काम करणं आणि शेवटी निर्णयच लोकांच्या हाती देणं. आपली लोकसुनावणी यात दुसऱ्या पायरीवर बसते. मत विचारतात, निर्णय दुसरीकडे होतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे ‘आम्ही सगळ्यांनी हात वर केले तरी प्रकल्प मंजूर कसा झाला?’ असा धक्का बसत नाही. तिथे मतदान होत नसतं.

नियम कुठला आणि कोणत्या प्रकल्पाला

केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचना हा सगळ्याचा पाया. सुनावणी कशी घ्यायची ते तिच्या चौथ्या परिशिष्टात दिलं आहे. ते थोड्याच पानांचं आहे, मदतीला जाणाऱ्याने एकदा पूर्ण वाचावं.

‘अ’ वर्गातले मोठे प्रकल्प मंजुरीसाठी दिल्लीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात, ‘ब’ वर्गातले राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाकडे. ‘ब’चे पुन्हा ‘ब-१’ आणि ‘ब-२’ असे दोन भाग आहेत. सुनावणी ‘अ’ आणि ‘ब-१’ला लागते, ‘ब-२’ला लागत नाही. शिवाय काही सवलती आहेत: इमारत बांधकाम, मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, नवी जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण, सिंचन प्रकल्पांचं आधुनिकीकरण, संरक्षणविषयक प्रकल्प. तुमच्या गावाशेजारच्या एमआयडीसीत कारखाना आला आणि सुनावणीच झाली नाही, तर कारण बहुतेकदा यातच सापडतं.

पात्रता

यावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अधिसूचनेत सहभागाचे दोन रस्ते आहेत. एक, प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ होणारी प्रत्यक्ष सुनावणी, ती मुख्यतः स्थानिक बाधितांसाठी. दुसरा, पर्यावरणाच्या अंगाने ज्यांचा संबंध पोचतो अशा इतर कोणीही लेखी म्हणणं पाठवणं. पण सभेच्या ठिकाणी हजर असलेल्या ‘प्रत्येक व्यक्तीला’ प्रश्न विचारण्याची संधी द्यायची, असं परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे. बाहेरच्याला हाकलता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये सांगितलं. सातबारा नावावर असण्याची अट नाही. मतदार यादीत नाव असण्याची नाही. खातेदार, कुळ, खंडकरी, शेतमजूर, बिनजमिनीचा कोळी, सगळे सारखेच.

कागदावर सारखे, म्हणायचं. व्यवहारात पुढच्या खुर्च्यांवर सरपंच, पुढारी आणि कंत्राट मिळण्याच्या आशेवरचे लोक बसतात. मागे उभ्या बाईच्या हातात माइक पोचेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते. म्हणून मदतीला जाणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘कोण येणार?’ असा असू नये. ‘कोण येऊ शकणार नाही?’ असा असावा. कोकणात आणि पालघर-रायगडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सुनावणी फेब्रुवारीत असेल तर अख्खी वाडी रिकामी. बंदराचा प्रकल्प असेल तर होडीवाला पुरुष बोलतो. मासे सुकवणाऱ्या, टोपली घेऊन बाजार करणाऱ्या बायकांची जागा जाते आणि नोंद होत नाही. या लोकांचं म्हणणं लेखीच घ्यावं लागतं, आणि आधीच.

कागदपत्रं

सुनावणीला जायला किंवा हरकत द्यायला कसलीही फी नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, प्रतिज्ञापत्र लागत नाही. मराठीत लिहिलेलं चालतं. ओळखपत्राची अट अधिसूचनेत नाही, पण दारात पोलिस बंदोबस्त असला की विचारणा होते, तेव्हा आधार किंवा मतदार कार्ड खिशात ठेवा आणि वाद टाळा.

लेखी हरकत साध्या कागदावर. वर प्रकल्पाचं नाव जाहिरातीत आहे तसंच्या तसं. मग आपलं नाव, गाव, पत्ता, आणि या जागेशी आपला संबंध काय ते एका ओळीत: ‘माझी विहीर प्रस्तावित जागेपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे’, ‘मी या खाडीत वीस वर्षं कालवं काढते’. ‘प्रकल्पाला आमचा तीव्र विरोध आहे’ एवढंच लिहिलेल्या शंभर अर्जांची नोंद ‘काही ग्रामस्थांनी विरोध केला’ अशी एका ओळीत होते. ‘कंपनीच्या मूल्यांकन अहवालाच्या अमुक पानावर दहा किलोमीटरच्या परिसरात पाणथळ जागा नाही असं म्हटलंय, आमच्या गावचा तलाव कुठे गेला?’ असं विचारलंत तर त्याला कंपनीला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर अंतिम अहवालात जातं. समर्थनाचंही तसंच. रोजगार हवा असेल तर किती, कोणत्या कामावर, कंत्राटी की कायम, ते विचारून ठेवा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. शेवटी ‘सदर मजकूर मला वाचून दाखवला, समजावून सांगितला व तो बरोबर आहे’ अशी ओळ, अंगठा, आणि साक्षीदाराची सही. स्वयंसेवकाने इथे स्वतःची भाषा घुसडू नये. शाश्वत विकास, जैवविविधता वगैरे शब्द वाडीवरच्या आजीच्या निवेदनात आले की वाचणारा लगेच ओळखतो, हा अर्ज कोणी लिहिला ते.

असेल तर जोडायचं: सातबारा किंवा आठ-अचा उतारा, विहिरीचा, ओढ्याचा, स्मशानाचा, गुरचरणीचा फोटो (तारखेसह), मच्छीमार सोसायटीचं पत्र, ग्रामसभेचा ठराव. नसेल तर अर्ज अडत नाही. दोन प्रती काढा. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

ते तीस दिवस

प्रक्रिया अशी चालते. कंपनी मंडळाच्या सदस्य सचिवांना पत्र देते, सोबत मसुदा अहवालाच्या किमान दहा प्रती, आणि त्याचा सारांश इंग्रजीत व मराठीत. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सात दिवसांत तारीख आणि जागा ठरते. एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात जाहिरात येते. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी किंवा रेडिओ-टीव्हीवरून कळवायचं असंही नियमात आहे. दवंडी पिटली गेली का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला काहीच हरकत नाही.

अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत अथवा नगरपालिका आणि केंद्रीय मंत्रालयाचं विभागीय कार्यालय इथे पाहायला मिळाला पाहिजे, सुनावणी संपेपर्यंत, कार्यालयीन वेळेत. जाहिरातीत ही ठिकाणं छापलेली असतात. पहिल्याच आठवड्यात दोघांनी जाऊन खात्री करा. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे’ असं उत्तर मिळालं, तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पुढे हाच कागद कामाला येतो.

खरी अडचण भाषेची आहे. मराठीत फक्त सारांश असतो. मूळ अहवाल कित्येक शे पानांचा, इंग्रजीत. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या १६ मे २०१० च्या सुनावणीत मराठी अहवाल गावांना वेळेवर मिळाला नाही, हीच मोठी तक्रार होती. त्यानंतरही नियमाची मागणी सारांशापुरतीच राहिली. २०२० मध्ये सरकारने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, त्यात तर तीस दिवसांचे वीस करण्याचं घाटत होतं. तो मसुदा अंतिम झाला नाही, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळलं.

तेव्हा इंग्रजी येणाऱ्या स्वयंसेवकाचं काम हे: अहवालातली पाणी, जमिनीचा वापर, लोकवस्ती, मासेमारी आणि धोका व्यवस्थापन ही प्रकरणं आपसात वाटून घ्यायची आणि प्रत्येकातली ठळक विधानं मराठीत एका पानावर उतरवायची. मग ती पानं घेऊन गावात बसायचं आणि एकेक विधान वाचून विचारायचं: हे खरं आहे का? बायकांची बैठक वेगळी, त्यांना सवड असेल त्या वेळेला. भाषण ठोकायला जाऊ नका. गुराख्याला जे झरे माहीत असतात ते सल्लागार कंपनीच्या नकाशावर नसतात. अशी पाच-सहा विधानं खोटी ठरली की गावाला आपोआप सूर सापडतो.

सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. हा प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. सोबत मंडळाचा अधिकारी. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण बंधनकारक. हजेरी नोंदवली जाते, तिथे नाव-गाव नीट लिहा. गणसंख्येची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी रद्द होत नाही. बहिष्कार टाकायचा की नाही हा गावाचा प्रश्न, पण टाकलात तरी लेखी हरकती द्याच.

आधी कंपनीचं सादरीकरण. ते लांबतं. बोलताना नाव, गाव आणि एकच मुद्दा. दुसरा मुद्दा दुसऱ्याने मांडावा. लेखी प्रत तिथेच अधिकाऱ्याच्या हातात द्यावी. शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. इथपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो. निदान दहा माणसं शेवटपर्यंत बसवून ठेवणं हे स्वयंसेवकाचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे उभं राहून, कॅमेऱ्यासमोर सांगायचं. मंजुरीची शिफारस करणारी समिती गावात आलेली नसते. तिच्यासमोर हा कागद आणि ती चित्रफीत एवढंच जातं.

नंतर

कंपनीचं मागणीचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत सुनावणी पुरी करायची आणि ती झाल्यावर मंडळाने आठ दिवसांत तिचं कामकाज मंजुरी देणाऱ्यांकडे पाठवायचं असतं. इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मंडळाच्या संकेतस्थळावर लावायचं असतं. त्यावरही टिप्पणी पाठवता येते, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. चित्रफीत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा.

मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या खास लवादाकडे, अपील. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मुदत ३० दिवस; सबळ कारण दाखवलं तर लवाद आणखी ६० दिवस देऊ शकतो, त्यापुढे नाही. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क एक हजार रुपये. गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण याच वाटेने सर्वोच्च न्यायालयात गेलं. मंजुरीच्या प्रक्रियेतल्या त्रुटींवर बोट ठेवून न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती स्थगित केली. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठवली आणि विमानतळ झालाही. मधल्या काळात प्रकल्पाला नव्याने तपासणीला सामोरं जावं लागलं, जादा अटी मान्य कराव्या लागल्या.

अपिलाच्या फाइलमध्ये वकील पहिल्यांदा मागतो ते पोच असलेले अर्ज, जाहिरातीचं कात्रण आणि अहवाल दाखवायला नकार मिळाल्याची ती तक्रार. कात्रण काढताना पेपरचं नाव आणि तारीख येईल असं अख्खं पान ठेवा.