उतरत्या भाजणीचे बटाटे

बैरूतमध्ये जेवणाच्या सुरुवातीला टेबलावर मेझ्झेच्या छोट्या बशांची रांग लागते. हम्मुस, मुतब्बल, तब्बूले यांच्या गर्दीत तळलेल्या बटाट्यांचीही एक बशी बहुधा असते. हा बटाटा हर्रा. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ अशा फोडी, त्यांना माखलेला लसूण, लाल मिरची, भरपूर कोथिंबीर आणि वरून लिंबू. लेबनॉनमधला बटाटा मुख्यतः बेका खोऱ्यात पिकतो, दोन डोंगररांगांच्या मधल्या, सुमारे हजार मीटर उंचीवरच्या सपाट जमिनीत. साहित्याची यादी वाचून मराठी वाचक म्हणेल, यात नवीन ते काय? ऑलिव्हचं तेल सोडलं तर सगळं आपल्या ओट्यावर रोजच असतं.

नवीन आहे तो क्रम. आपण तेल तापवतो, मोहरी, लसूण, मिरची घालतो, मग बटाटा टाकून झाकणावर पाणी ठेवतो. लेबनानी स्वयंपाकघरात याच्या उलट चालतं. बटाटा आधी पूर्ण तळून बाजूला काढायचा आणि लसूण-कोथिंबिरीची फोडणी अगदी शेवटी करायची. तिला तिकडे तक्लिये म्हणतात. मुलुखिये या पालेभाजीच्या पातळ रश्श्यातही ती अशीच शेवटी पडते. आपल्या रीतीत काही खोट नाही. झाकण ठेवून वाफेवर शिजणाऱ्या भाजीचं तापमान शंभर अंशांच्या आसपास थांबतं, त्यामुळे आधी घातलेला लसूणही तग धरतो. पण फोडीवर कडक पापुद्रा हवा असेल तर १८० अंशांचं तेल लागतं आणि त्यात ठेचलेला लसूण पाहता पाहता करपतो. म्हणून ज्याला जेवढं सोसेल तेवढीच आच. सर्वांत सोशिक बटाटा पहिला, मग लसूण, मग मिरची, मग कोथिंबीर. लिंबाला आच नाहीच. पुढचं सगळं विज्ञान या उतरत्या भाजणीचं आहे.

पण आधी बटाटा, कारण तो चुकीचा निघाला तर पुढची कसरत वाया जाते. बटाट्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि उरलेला बहुतेक भाग स्टार्चचा. तळणीसाठी घन भाग २० टक्क्यांच्या वर असलेला बटाटा चांगला, आणि हे घरच्या घरी तपासता येतं. एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या जवळपास १.०८ पट होते. त्यात बटाटा सोडा. तळाला गेला तर पिठूळ, तरंगला तर पाणचट. चिप्सचे कारखानेही बटाट्याचं विशिष्ट गुरुत्व बघूनच माल घेतात, त्यांची उपकरणं तेवढी जरा महागडी. नव्या हंगामाचे, अंगठ्यानं साल निघणारे कोवळे बटाटे बहुतेक वेळा तरंगतात. ते रश्शाला ठेवा.

दुसरी भानगड गोडव्याची. ‘यंदाचे बटाटे गोड लागतात’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि ती खरी असते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला बटाटा शीतगृहात दोन ते चार अंशांवर महिनोन्‌महिने राहतो. इतक्या थंडीत बटाटा आपल्या स्टार्चचं विघटन करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरा साठवू लागतो. कोंब येत नाहीत, पण चव गोडसर होते आणि तेलात पडल्यावर फोड आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होते. घरातल्या फ्रिजमध्येही हेच घडतं. असे बटाटे अंधाऱ्या कपाटात, खोलीच्या तापमानाला दोनेक आठवडे ठेवले तर साखर काही अंशी कमी होते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९९८ साली कुफ्री चिप्सोना या मालिकेतल्या पहिल्या दोन जाती दिल्या, त्या नेमक्या याच दुखण्यावर: घन भाग जास्त, साखर कमी. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात निघणारा बटाटाही बराचसा चिप्ससाठीच जातो. हर्रा करायचा तर बाजारात विचारावं ते अशाच ‘चिप्सच्या बटाट्या’साठी.

आता कापणी. दोन-दोन सेंटिमीटरच्या फोडी करा आणि पाण्यात दोनतीनदा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. पहिल्या पाण्यात दिसणारा पांढरा गढूळपणा कापलेल्या पेशींतून सुटलेल्या स्टार्चचा. तो तसाच राहिला तर फोडी एकमेकींना चिकटतात. धुण्यात पृष्ठभागावरची थोडी साखरही जाते, आणि ते पुढे कामाला येणार आहे.

पारंपरिक पद्धतीत या कच्च्या फोडी पुसून थेट तळतात. मी मधे एक पायरी घालावी या मताचा आहे. दोन लिटर उकळत्या पाण्यात मोठा चमचाभर मीठ आणि अर्धा लहान चमचा खायचा सोडा घालून किलोभर फोडी आठ-दहा मिनिटं उकळायच्या. कारण असं की, बटाट्याच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. आम्लात ते चिवट राहतं, अल्कलीत भराभर तुटतं. चिंच किंवा कोकम आधी घातलं तर रश्शातला बटाटा शिजता शिजत नाही, हे आपल्याकडे प्रत्येक सुगरणीला ठाऊक असतं; सोड्यानं त्याच्या नेमकं उलट घडतं. फोडीची कड सैल पडते, आतला भाग मात्र शाबूत राहतो. त्याच वेळी साठ अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटू लागतात. पाणी काढून टाका, फोडी पातेल्यात मिनिटभर उघड्या ठेवून वाफ जाऊ द्या, मग झाकण लावून पातेलं दोनतीनदा जोरात हिंदकळा. उघडून पाहाल तर प्रत्येक फोडीची धार झिजलेली असते आणि अंगावर ओलसर, पांढुरका, खरखरीत लेप चढलेला असतो. तळल्यावर हाच लेप पापुद्रा होतो. गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा खडबडीत पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त, म्हणून कुरकुरीतपणाही जास्त. सोडा मात्र हात राखून घाला. जास्त झाला तर फोडींचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते.

तळणीला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या. ऑलिव्हचं तेल नंतरच्या फोडणीसाठी राखून ठेवा, त्याचा सुगंध कढईत वाया जातो. तेल १८० अंशांच्या आसपास असावं. फोड आत पडताच जो फेस उसळतो तो तेलाच्या उकळीचा नसतो. फोडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळत असतं. ही वाफ जोरात निघत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. कडेचं पाणी संपलं की तिथलं तापमान शंभरच्या वर चढतं, सुकलेला स्टार्च टणक होतो, आतला भाग मात्र शंभराच्या आतच राहून मऊ शिजतो. फेस मंदावला, आवाज बारीक झाला, की फोडी काढायच्या. बरंचसं तेल फोडीत जातं ते ती कढईबाहेर आल्यावर. थंड होताना पापुद्र्याच्या छिद्रांतली वाफ पुन्हा पाणी होते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे झाऱ्यानं निथळून, फोडी चटका देण्याइतक्या गरम असतानाच कागदानं टिपा. पाच मिनिटांनी टिपण्यात अर्थ नाही, तेल तोवर आत गेलेलं असतं.

सोनेरी रंग आणि भाजका वास येतो तो मायार अभिक्रियेतून. लुई कामीय मायार या फ्रेंच वैद्यक-रसायनज्ञानं १९१२ साली तिचं वर्णन केलं: साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की तपकिरी रंगाची, गंधाची शेकडो संयुगं तयार होतात. बटाट्यात अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. १९९७ साली स्वीडनमध्ये हालांडसोस इथे रेल्वेचा बोगदा खणताना पाण्याची गळती बुजवायला वापरलेल्या रसायनातून अ‍ॅक्रिलामाइड ओढ्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांच्या शरीरात हे रसायन किती गेलं ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून मोजायचं ठरलं, आणि तुलनेसाठी बोगद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांचं रक्त घेतलं. त्यांच्याही रक्तात अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या! ते येतंय कुठून, याचा माग काढत स्टॉकहोम विद्यापीठातले संशोधक स्वयंपाकघरात पोचले. एप्रिल २००२ मध्ये जाहीर झालं की तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत, विशेषतः बटाट्यात, ते आपोआप तयार होतं. अ‍ॅस्पॅराजिन आणि साखर १२० अंशांच्या वर एकत्र तापली की पुरे.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत अ‍ॅक्रिलामाइडमुळे कर्करोग होतो. माणसाच्या आहारातल्या प्रमाणाबद्दल पुरावा तितका ठाम नाही. म्हणून घाबरून कढई उतरवायची गरज नाही, पण गोडसर बटाटा टाळणं, फोडी धुणं आणि रंग सोनेरीवर थांबवणं या तिन्ही गोष्टींनी त्याचं प्रमाण कमी होतं. चवीलाही गडद तपकिरी फोड कडवटच लागते.

आता दुसरी कढई, मंद आच, तीन मोठे चमचे ऑलिव्हचं तेल. आठ-दहा पाकळ्या लसूण चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून पाचेक मिनिटं तसाच ठेवलेला असावा. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. पेशी फुटल्या की अ‍ॅलिन हा पदार्थ आणि अ‍ॅलिनेज हे विकर एकत्र येतात आणि तिखट वासाचं अ‍ॅलिसिन तयार होतं. उष्णता लागली की हे विकर निकामी होतं, म्हणून ठेचल्यावर त्याला आपलं काम उरकू द्यायचं. तेलात अ‍ॅलिसिनची मऊ, गोडसर गंधाची संयुगं होतात आणि ती तेलातच विरघळतात. लसूण पिवळसर झाला की थांबा. त्यात साखरेचीच एक साखळी असलेलं फ्रुक्टान भरपूर असतं, ते करपलं तर सगळा पदार्थ कडू.

मग मिरची. अस्सल हर्ऱ्यात बरेचजण हलबची मिरची वापरतात: बिया काढून, उन्हात अर्धवट सुकवून, मीठ-तेल लावून जाडसर कुटलेली, मध्यम तिखट, किंचित फळासारखी. हलब म्हणजे सीरियातलं अलेप्पो. तिथल्या युद्धानंतर या नावानं विकली जाणारी बरीचशी मिरची तुर्कस्तानातून येते. आपल्याकडे बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढलेली ब्याडगी जाडसर कुटली तर बरंच जमतं. तिखटपणा बियांत नसतो, त्या पांढऱ्या शिरांत असतो. बियांना तो चिकटलेला असतो इतकंच. कुटलेली मिरची पाच-दहा सेकंदांत करपते, तेव्हा ती घालून लगेच आच बंद करायची. कढईतल्या उरलेल्या उष्णतेवर तिचा लाल रंग तेलात उतरतो. लगेच निम्मी कोथिंबीर, मग बटाटे, मग उरलेली कोथिंबीर. कोथिंबिरीचा वास हलक्या, उडून जाणाऱ्या अल्डिहाइड नावाच्या संयुगांचा असतो. तेलात परतलेला भाग खोल, लसणाशी एकजीव चव देतो, वरून घातलेला ताजेपणा. जुडी पूर्ण वापरा, आपण सजावटीपुरती भुरभुरतो तशी नको.

लिंबू ताटात वाढताना पिळा. आधी पिळलं तर रस पापुद्रा भिजवतो. पण लिंबाचा दुसरा परिणाम जास्त गमतीचा आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं. हीच ग्राही ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही प्रतिसाद देते, म्हणून तिखट ‘भाजतं’. मेंदूला येणारी वर्दी खरोखर भाजल्याचीच असते. आम्लानं ही ग्राही आणखी हळवी होते. म्हणजे गरम बटाटा, मिरची आणि लिंबू तिघेही एकाच दारावर थाप मारतात. तोच बटाटा गार करून, लिंबाशिवाय खाल्ला तर निम्म्यानं फिका वाटेल.

ही ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधली, आणि त्यासाठी २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तो मान त्यांच्याबरोबर विभागून मिळाला अर्देम पटापुटियन यांना, स्पर्शाच्या ग्राही शोधल्याबद्दल. पटापुटियन जन्मले आणि वाढले बैरूतमध्ये, एका आर्मेनियन कुटुंबात. यादवी युद्ध चालू असताना १९८६ साली अमेरिकेला गेले. पुदिन्याचा गारवा जाणवून देणारी ग्राही या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधली होती. लेबनानी टेबलावर तिखट बटाट्याशेजारी पुदिना असतोच, हा योगायोग.

तिखट जास्त झालं तर पाणी पिऊ नका. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसिन त्याला धरून जिभेवरून काढतं, म्हणून सोबत लबने ठेवतात, म्हणजे खारवलेला चक्का. घरचा चक्का मीठ घालून, वर थोडं तेल सोडून वाढला तरी चालतो.

फोडी लगेच खायच्या. आतली वाफ पापुद्र्यात शिरायला लागली की अर्ध्या तासात कुरकुरीतपणा उतरतो. उरल्या तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तिथे पाणीच आधी तापतं आणि पापुद्रा चामट होतो. कडकडीत तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा लोखंडी तव्यावर कोरड्याच परता आणि कोथिंबीर नव्यानं घाला. नाहीतर बैरूतमध्ये तळलेल्या बटाट्यांचं करतात तेच करा: खुब्झ या तिकडच्या पातळ रोटीत तूम, म्हणजे लसूण-तेलाची पांढरी चटणी, लावून लोणच्यातल्या काकडीसकट गुंडाळून खा.