फोन हरवला किंवा चोरीला गेला तर आधी काय करायचं

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात एक काका आले, हातात फोनचा रिकामा बॉक्स. लक्ष्मी रोडच्या गर्दीत फोन गेला होता आणि घरी जाऊन घाबरून त्यांनी मुलाच्या फोनवरून आधी सगळा डेटा इरेज करून टाकला. अँड्रॉइड फोन इरेज झाला की नंतर तो नकाशावर दिसत नाही, म्हणून ते अगदी शेवटी करायचं काम आहे. त्यांचं ऐकून हे पत्रक लिहायला घेतलं.

आधी आपल्या नंबरवर कॉल करा. रिक्षात, हॉटेलात राहिलेला फोन पुष्कळदा कोणीतरी उचलतं. पीएमटीत राहिला असेल तर तिकीट टाकून देऊ नका, ते घेऊन डेपोत विचारा. नाहीच उचलला तर घरातल्या कुणाच्याही फोनवर गुगलचं फाइंड हब (हरवलेला फोन नकाशावर शोधायचं ॲप) उघडा, आयफोन असेल तर ॲपलचं फाइंड माय. अँड्रॉइड सायलेंटवर असला तरी रिंग दिली की ५ मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो, गादीखालचा फोन असाच सापडतो. बाहेर गेला असेल तर तिथूनच लॉक करा, स्क्रीनवर घरचा नंबर टाका, लोकेशनचा स्क्रीनशॉट काढा. त्या लोकेशनवर एकटे जाऊ नका प्लीज, स्क्रीनशॉट पोलिसांना दाखवा.

आता सिम. ते बंद केलं की फोनचं नेट जातं आणि नकाशावरचा ठिपका बहुतेक वेळा तिथेच थांबतो, पण चालू ठेवलं तर चोर ते काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला येतात. आमचं मत विचाराल तर लॉक आणि लोकेशनला ५-१० मिनिटं द्या आणि लगेच कंपनीला फोन करून सिम बंद करा, फोन नवा घेता येतो, खात्यातली पुंजी परत मिळवताना दमछाक होते. मग बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल करा.

पोलीस तक्रार कराच, कारण पुढचं सगळं त्या कागदावर अडतं. डुप्लिकेट सिम घ्या आणि सरकारच्या संचार साथीमधल्या सीईआयआर पोर्टलवर (हरवलेले फोन ब्लॉक करायची वेबसाइट) फोन ब्लॉक करा, ही सोय २०२३ पासून देशभर आहे. तिथे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, बिल असेल तर तेही जोडा. २४ तासांत तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालेनासा होतो, आणि कोणी त्यात सिम घातलंच तर त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाते. रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा, फोन मिळाल्यावर त्याच आयडीवर अनब्लॉक करावा लागतो.

आयफोनवाल्यांना एक सांगायचंय, काही दिवसांनी "तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा" असा मेसेज येऊ शकतो. ती लिंक उघडू नका, चोराला तुमचा पासवर्ड हवा असतो, ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे दुसऱ्याला फोन नव्याने चालू करू न देणारं ॲपलचं कुलूप, सोडवायला. आणि कोणी कितीही सांगितलं तरी फोन फाइंड मायमधून काढू नका.

आता हातात फोन आहे तोवर दोन कामं उरकून घ्या. स्टार हॅश ०६ हॅश डायल करून येणारा १५ आकडी आयएमईआय डायरीत लिहा, दोन सिमचा फोन असेल तर दोन असतात. दुसरं, गुगलचे बॅकअप कोड कागदावर उतरवून घरी ठेवा, नाहीतर दुसऱ्या फोनवरून लॉगिन करायला जाल आणि कोड येईल नेमका हरवलेल्या फोनवर. जमत नसेल तर दुकानात या, दोन्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.