वारकरी की पाणकोंबडी? कपाळ नंतर, आधी शेपटी बघा

हिवाळ्यात नदीकाठच्या पाणथळीवर सकाळी लवकर पोचलं की पहिला तासभर धुकंच असतं, समोर पाण्यावर नुसते काळे ठिपके, आणि सोबत कोणी नवीन असेल तर पहिला प्रश्न हमखास हाच, ती काळी बदकं कुठली? तर ती बदकं नाहीतच. एकतर वारकरी असेल (त्यालाच चांदवा पण म्हणतात) नाहीतर पाणकोंबडी. दोघांचं कूळ एकच, आणि ते बदकांपेक्षा सारस-क्रौंचांना जवळचं.

पुस्तकात फरक एका ओळीत संपतो. वारकऱ्याची चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र, पाणकोंबडीचं लाल, चोचीचं टोक तेवढं पिवळं. बरोबरच आहे, आणि पक्षी जवळ असेल, ऊन आपल्या पाठीमागून येत असेल तर तेवढ्यावर भागतं. पण ऊन समोरून डोळ्यात यायला लागलं की लाल काय नि पांढरं काय, दुर्बिणीतून सगळ्या सावल्याच दिसतात. म्हणून माझं म्हणणं, आधी शेपटी बघा.

पाणकोंबडी पोहताना शेपटी वर धरते आणि सारखी झटकत राहते, शेपटीखाली दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात ते लांबूनसुद्धा लुकलुकतात. कुशीवर पण एक तुटक पांढरी रेघ असते. वारकऱ्याची शेपटी आखूड, पाण्याकडे झुकलेली, पाठ गोल फुगीर, आणि पोहताना कपाळ-चोच सोडली तर अंगावर पांढरं काहीच दिसत नाही. एकदा ही ठेवण डोळ्यात बसली ना, की रंग दिसायची वाटच बघावी लागत नाही.

दुसरी गोष्ट पाय, आणि मला सगळ्यात आवडते ती हीच. वारकऱ्याच्या बोटांना कडेने चपट्या पाकळ्या असतात, पाणी मागे ढकलताना त्या उघडतात, पाय पुढे घेताना मिटतात, त्यामुळे तो खोल उघड्या पाण्यात आरामात राहतो, बुडी मारून तळाची वनस्पती वर आणतो (आणि शेजारी टपलेलं गडवाल बदक कधी कधी ती पळवतं). उडायचं झालं की आधी पाण्यावर फटफट धावत सुटतो, तो आवाज ऐकूनच कळतं कोण आहे. पाणकोंबडीची बोटं लांब आणि बारीक, पाय हिरवट, त्यामुळे ती चिखलात, तरंगत्या पानांवर चालते, पाणकणसाच्या कडेकडेनेच असते. म्हणजे मधोमध शेकड्यांनी थवा दिसला तर तो वारकऱ्यांचाच समजा, पाणकोंबड्या अशा भर पाण्यात गर्दी करत नाहीत.

गोंधळ खरा होतो तो पिल्लांचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणकोंबडीची त्या वर्षीची पिल्लं तपकिरी असतात, कपाळावर लाल नाही, चोच मळकट. मी एका पाणपक्षी गणनेत अशी चार-पाच पिल्लं सरळ वारकऱ्याची म्हणून लिहिली होती, कारण काय तर लाल दिसलं नाही. बरोबरच्या एक जाणत्या ताई एवढंच म्हणाल्या, शेपटी बघ. बघितली, तर त्या वयातही शेपटीखालचं पांढरं स्पष्ट होतं. वारकऱ्याच्या पिल्लाला ते नसतं, त्याचा गळा आणि छाती फिकट असते. गणना जानेवारीत असते, जगभरात १९६७ पासून आणि आशियात १९८७ पासून चालू आहे, इतक्या वर्षांच्या आकड्यांशी आपला आकडा लावला जाणार, म्हणून मी तेव्हा पानावरचं खोडून परत मोजलं.

आणि तेवढंही जमत नसेल तर एखादा शिकारी पक्षी येईपर्यंत थांबा. तो वरून घिरट्या घालायला लागला की वारकरी एकमेकांना चिकटून पाण्याच्या मधोमध घट्ट गोळा होतात, आणि पाणकोंबड्या? त्या केव्हाच पाणकणसात शिरलेल्या असतात.