लहानपणीचं कार्टून परफ्यूम आणि मोठ्यांचं कार्टून परफ्यूम

‘व्हिंटेज स्नूपी परफ्यूम’ एवढंच लिहून ऑनलाइन विकायला ठेवलेली बाटली दिसली, की जमवणाऱ्याला राहवत नाही. (स्नूपी म्हणजे ‘पीनट्स’ या चित्रकथेतला कुत्रा.) पण थांबून एक गोष्ट बघाच: ही बाटली मुलांसाठी होती की मोठ्यांसाठी? कार्टून तेच असलं तरी आतला माल आणि त्याचं म्हातारपण यांत फार फरक असतो.

सौंदर्यप्रसाधनांच्या एव्हॉन कंपनीनं १९६०च्या दशकाच्या शेवटी स्नूपीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. आपल्या घरासकट आलेला प्लास्टिकचा स्नूपी म्हणजे मुलांचा, डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू. दुधी पांढऱ्या काचेचा स्नूपी मात्र पुरुषांचं आफ्टरशेव्ह. फोटोत दोन्ही सारखेच गोड दिसतात, म्हणून विकणाऱ्याला बाटली कशाची आहे आणि लेबलवर काय छापलंय, हे सरळ विचारावं.

बाटलीच्या आकारावरून अंदाज बांधू नये. मोस्किनो या फॅशन ब्रँडचं ‘चीप अँड शिक’ १९९५मध्ये आलं ते कार्टूनमधल्या पॉपाय खलाशाची मैत्रीण ऑलिव्ह ऑइल हिच्या आकाराच्या बाटलीत, आणि ते पूर्णपणे मोठ्यांचं परफ्यूम आहे. फॅशन ब्रँड जाँ पॉल गोतिएनं २०१६मध्ये आपल्या ‘ले माल’ या पुरुषांच्या परफ्यूमच्या हलक्या आवृत्तीवर पॉपाय आणला. मूळ ‘ले माल’ १९९५पासून खलाशाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या बाटलीत विकलं जातंय, त्यामुळे पॉपाय तिथे शोभूनच दिसला. अशा परफ्यूममध्ये सुगंधाला स्वतःची ओळख असते, कार्टून हा त्याचा पेहराव.

मुलांच्या परफ्यूमचं गणित उलटं. तिथे आधी कार्टूनमधलं पात्र वापरण्याचा परवाना, मग त्याला साजेसा गोड, फळांचा, साधा वास. परवाना संपला की बाटली बंद आणि बहुतेक वेळा तो वासही गेला. मोठ्यांच्या परफ्यूमची कार्टूनवाली बाटली हुकली, तरी मूळ सुगंध दुकानात मिळू शकतो. लहानपणीचा तो वास हवा असेल, तर जुनी बाटलीच शोधावी लागते. माझ्या मते जमवणाऱ्यांनी खरा जीव मुलांच्या परफ्यूमवर लावावा. मोठ्या ब्रँडना सांभाळणारे पुष्कळ आहेत, यांना दुसरं कुणी नाही.

आणि नेमकं हेच सांभाळणं अवघड. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनिन हे द्रव्य हवेशी संयोग पावून लवकर बिघडतं. बाटली उघडल्यावर पहिला भपका आंबट, वार्निशसारखा येतो. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन असेल तर द्रव हळूहळू तपकिरी होतो. पण नुसत्या रंगावरून परफ्यूम वाया गेलं असं समजू नका. थोडं अंगावर लावण्याऐवजी कागदाच्या पट्टीवर घ्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत हुंगा. वरचा थर उडून गेल्यावर खालची गोडी कधीकधी शाबूत सापडते. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीतून द्रव उडत राहतो, धातूच्या पट्टीनं गच्च बसवलेला स्प्रे त्या मानानं बरा. झाकणावरचं पीव्हीसी प्लास्टिकचं कार्टूनचं बाहुलं चिकट झालं असेल, तर बहुधा प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ बाहेर झिरपतोय. ती बाटली दुसऱ्या बाटल्यांना चिकटवून ठेवू नका. शोकेसमध्ये उन्हात मांडणं तर नकोच. अंधारं, गार कपाटच बरं.

तीच बाटली नव्यानं बाजारात आली म्हणून तोच वास मिळेल असंही नाही. फुलांच्या कितीतरी सुगंधांत वापरलं जाणारं लिलियल हे रसायन १ मार्च २०२२पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे. त्यावर बेतलेला जुना वास तिथे आता जसाच्या तसा भरता येत नाही.

दोन्ही प्रकारांत एक चकवा मात्र सारखाच. स्नूपीच्या वस्तूंवर बहुतेकदा १९५८ किंवा १९६६ छापलेलं असतं. ते चित्राच्या हक्काचं वर्ष, बाटली त्यानंतर कितीतरी वर्षांनीही बनलेली असू शकते. तेवढ्यावर ‘१९५८ची बाटली’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर देऊ नका.