गिटार-एट्यूड व सहवादकांसोबतचा रियाज (नागपूर)

गिटार-एट्यूड : अभिजात गिटारवादनातील एखादी ठरावीक तांत्रिक अडचण समोर ठेवून रचलेली, पण स्वतंत्र संगीतकृती म्हणूनही ऐकावीशी वाटणारी छोटी रचना. आर्पेजिओतील (कॉर्डचे स्वर एकत्र न वाजवता एकामागून एक वाजवण्यातील) उजव्या हाताच्या बोटांचा क्रम, डाव्या हाताची तर्जनी तारांवर आडवी टाकून धरायचा बारे, अंगठ्याने खालच्या तारांवरची चाल पुढे आणणे किंवा एका स्वराला धक्का न लावता शेजारचा स्वर बदलणे, अशी एखादी अडचण तिच्या मुळाशी असते. हिंदुस्थानी संगीताच्या वातावरणात वाढलेल्या नागपूरकर विद्यार्थ्याला एट्यूड प्रथम पलट्यासारखा, म्हणजे घोटायच्या ठरावीक स्वरसमूहासारखा, वाटतो, आणि ते काही अंशी बरोबरही आहे. फरक इतकाच की पलटा घोटण्यासाठी असतो, तर चांगल्या एट्यूडला आरंभ, विस्तार आणि शेवट असतो. तो श्रोत्यांपुढे जसाच्या तसा वाजवता येतो.

या प्रकाराचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला गेला. मूळचे बार्सिलोनाचे फर्नांदो सोर (१७७८–१८३९) यांनी ओपस (म्हणजे संगीतकाराच्या प्रकाशित कृतीचा क्रमांक) ६, २९, ३१, ३५, ४४ आणि ६० या संग्रहांतून अगदी प्राथमिक पातळीपासून कसलेल्या वादकापर्यंत सर्वांसाठी अभ्यासरचना लिहिल्या. मात्तेओ कारकासी (मृत्यू १८५३) यांचे ओपस ६० मधील २५ एट्यूड आजही जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असतात. माउरो जुलियानी (१७८१–१८२९) यांच्या ओपस १ मध्ये केवळ दोन कॉर्डांच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) आधारे उजव्या हाताचे १२० प्रकार दिलेले आहेत. ते एट्यूड नव्हेत, व्यायाम आहेत, आणि हा भेद लक्षात न घेता ते तासन्‌तास वाजवणाऱ्याची बोटे तयार होतात पण कान तसाच राहतो. विसाव्या शतकात ब्राझीलचे एतोर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) यांनी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांना अर्पण केलेल्या १२ एट्यूडनी या प्रकाराला मैफलीच्या मंचावर भक्कम जागा मिळवून दिली, तर क्यूबाचे लिओ ब्रोवर (जन्म १९३९) यांच्या २० सोप्या एट्यूडनी नवशिक्यालाही आधुनिक स्वररचनेची चव दाखवली.

एट्यूड एकट्याने बसून घोटायचा, हे खरेच आहे. तरीही तो दुसऱ्या वादकापुढे वाजवल्याशिवाय पुरता बसत नाही, आणि याचे कारण संकोच मोडणे एवढेच नाही. वाजवणाऱ्याच्या मनात रचना अखंड चालू असते. त्यामुळे बोट लवकर उचलले जाऊन एखादा स्वर मध्येच तुटला, तरी त्याला तो ऐकू येत राहतो. समोर बसलेल्या वादकाला मात्र तो तुटलेलाच ऐकू येतो. सोर आणि त्यांचे समकालीन दियोनिसिओ अग्वादो (१७८४–१८४९) यांचा स्नेह या दृष्टीने उद्बोधक आहे. सोर नखांविना, बोटांच्या मांसल टोकांनी तारा छेडत, तर अग्वादो नखांचा वापर करीत. म्हणजे स्वर कसा काढावा या मूळ प्रश्नावरच दोघांचे मत वेगळे होते. असे असूनही पॅरिसमध्ये त्यांचा निकटचा सहवास होता, आणि सोर यांनी ‘दोन मित्र’ या अर्थाच्या नावाचे आपले ओपस ४१ दोन गिटारींसाठी लिहून ते अग्वादोंना अर्पण केले.

सहवादकांसोबतच्या रियाजाचे काम कसे चालते, हे सोर यांच्या ओपस ३५ मधील २२व्या एट्यूडवरून चांगले कळते. बी मायनरमधला हा एट्यूड कागदावर सोपा दिसतो. सगळे स्वर एकाच संथ ओघात एकामागून एक येतात. त्यांतले कोणते चालीचे आणि कोणते साथीचे, हे वादकाने उजव्या हाताच्या वजनानेच वेगळे करायचे असते. चालीचे स्वर अनामिकेने किंचित जोर देऊन आणि साथीचे स्वर तर्जनी-मध्यमेने हलके वाजवले नाहीत, तर सगळा एट्यूड एकसुरी आर्पेजिओ होऊन बसतो. अशा वेळी दोघांनी रचना वाटून घ्यावी : एकाने फक्त वरची चाल वाजवावी, दुसऱ्याने अंगठ्याचे स्वर आणि साथ सांभाळावी, मग भूमिका बदलाव्यात, आणि शेवटी प्रत्येकाने पूर्ण एट्यूड एकट्याने वाजवावा. चाल एकदा अशी सुटी ऐकलेला कान पुढे तिला साथीत बुडू देत नाही. दुसऱ्या फ्रेटवरचा (गिटारीच्या दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीजवळचा) बारे पुन्हा पुन्हा धरावा लागल्याने मनगट दुखू लागते. तिथे तर्जनीचा दाब सर्व तारांवर सारखा हवा की केवळ गरजेच्या तारांवर, हे शेजारी बसलेला अनुभवी वादक बोटाकडे पाहून लगेच सांगू शकतो. पुस्तकातल्या फिंगरिंगच्या (कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे दाखवणाऱ्या) आकड्यांवरून ते समजत नाही.

नागपुरात गिटारच्या बहुतेक शिकवण्यांचा भर कॉर्ड धरून गाण्यांना साथ करण्यावर असतो. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचून एट्यूड वाजवणारे त्या मानाने थोडे. अशा थोड्यांनी धरमपेठेत, महालात किंवा सदरमध्ये कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत महिन्यातून एखादी संध्याकाळ जमणे, हाच त्यांच्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी-परीक्षांना बसणाऱ्यांनाही परीक्षकापुढे जाण्याआधी अशा बैठकीत वाजवण्याचा मोठा उपयोग होतो. नायलॉन तारांच्या गिटारीचा आवाज मुळात लहान असल्याने चौघापाचांची बैठक तिला सभागृहापेक्षा अधिक मानवते. बैठकीत एक अडचण हमखास येते : वयाने लहान असलेल्याला ‘दादा, तुमचा बास (खर्जाचा स्वर) तुटतोय’ असे म्हणवत नाही. म्हणून सर्वांत धाकट्याने आधी बोलावे आणि थोरांनी शेवटी, असा क्रम ठेवणे हिताचे असते. ऐकणाऱ्याने हातात नोटेशन आणि पेन्सिल घेऊन बसावे, वादन मध्ये थांबवू नये, आणि ‘छान झाले’ असे म्हणण्याऐवजी कितव्या बारमध्ये (नोटेशनमधील मात्रांच्या कप्प्यात) काय ऐकू आले ते सांगावे.

उन्हाळ्याचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते, तर गिटारीच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. त्यात घरोघरी कूलर चालू असतात. कूलरसमोर ठेवलेली गिटार ओलाव्याने फुगते, तीच दुसऱ्या खोलीत नेली की आकसते, आणि या ओढाताणीतच वरच्या पातळ फळीला चीर पडण्याचा धोका असतो. म्हणून वापरात नसताना गिटार बंद केसमध्ये, कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. चालू कूलरच्या घरघरीत हलके वाजवलेले स्वर ऐकूच येत नाहीत आणि नकळत प्रत्येक जण जोरात वाजवू लागतो; त्यामुळे नवतप्याच्या दिवसांत बैठक पहाटे, कूलर बंद ठेवूनच घेणे योग्य. कोरडेपणाने उजव्या हाताची नखेही ठिसूळ होतात, आणि तुटलेल्या नखाने ट्रेमोलोचा (एकच स्वर बोटे बदलत झरझर वाजवण्याचा) सराव करण्यात अर्थ नसतो.

प्रत्यक्ष जमता येत नसेल तेव्हा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते एकमेकांना पाठवले जाते. पुष्कळ फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि हलका आवाज वाढवतात, त्यामुळे चाल आणि साथ यांतील फरक मुद्रणात पुसला जातो. लय, चुकलेले स्वर आणि तुटलेले बास तेवढे त्यावरून तपासावेत, स्वराच्या गुणाविषयी मत देऊ नये. आवृत्तीचा प्रश्नही आधीच मिटवून घ्यावा लागतो. सेगोव्हिया यांनी १९४५ मध्ये संपादित केलेल्या सोर यांच्या २० एट्यूडच्या संग्रहात वर उल्लेखिलेला बी मायनरचा एट्यूड पाचवा आहे, तर मूळ ओपसमध्ये तो बाविसावा. शिवाय सेगोव्हियांचे फिंगरिंग त्यांचे स्वतःचे आहे. एकाकडे हा संग्रह आणि दुसऱ्याकडे मूळ ओपसवरची आवृत्ती असेल, तर एकमेकांची चूक काढण्यापूर्वी दोन्ही पाने शेजारी ठेवून कोणते बोट कोणी सुचवले आहे ते पाहावे.